मुक्काम हलवताना



तुमच्या घरात किंवा भावकीत असे एखादे म्हातारे माणूस असेलच. जोडीदार देवाघरी गेलेला, मुले परगावी नाहीतर त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या घरात ते एकटे राहते. जिना मोडका, भिंतींना ओल, रात्री काही झाले तर हाकेला कोणी नाही. तुम्ही काळजीने म्हणता, आमच्याकडे राहायला चला. उत्तर येते, नाही. पुन्हा म्हटले की राग येतो, भांडण होते, पाठवलेला डबा तसाच परत येतो, फोन आपटला जातो. शेजारी विचारतात, ‘एकटीला कसे ठेवता हो?’ नातेवाईक म्हणतात, ‘स्वभावच तसला, काय करणार!’ आणि तुम्ही दोन्हीकडून कोंडीत सापडता.

आमचे घर या कोंडीतून गेले आहे. त्या काळात मला जो मार्ग सापडला तो आपल्याच संप्रदायाच्या इतिहासात सापडला. पंढरीच्या वाटेवर चारशे-पाचशे वर्षांत जे घडले त्यात घर सोडणे आहे, घरी परतणे आहे, म्हाताऱ्यांचे एकटेपण आहे आणि तरुणांची घाईही आहे. आपण या कथा कीर्तनात ऐकतो आणि चमत्कारापाशी हात जोडून उठतो. चमत्काराच्या अलीकडे जे घरगुती दुःख असते तिथे घटकाभर बसावे, म्हणून हे लिहितो आहे.

नदीकाठचे घर

सांगलीच्या गावभागात कृष्णेपासून थोड्याच अंतरावर आमच्या आत्तीचे घर. आम्ही विश्रामबागेत, एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर. मधले अंतर रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांचे. पण सांगलीकर जाणतात, हे दोन वेगळे गाव आहेत. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णाकाठच्या या लहानशा गावाला राजधानी केले. गणपतीचे देऊळ, घाट, पेठा, वाडे हे सगळे नदीला धरून वसले. विश्रामबाग त्यामानाने अलीकडची. मिरजेच्या वाटेवरच्या या मोकळ्या, उंच जागेत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघाले, १९४७ साली इंजिनियरिंग कॉलेज आले, मग वसाहती वाढल्या. नदी पात्रात असते तोवर गावभागातला माणूस विश्रामबागेला ‘तिकडं लांब’ म्हणतो. नदी वर आली की तीच विश्रामबाग सोयऱ्याचे घर होते.

१९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी मोजतात. ४० फूट झाले की इशारा, ४५ फूट झाले की धोका. २००५च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. त्या वेळी आत्तीच्या घरात गुडघाभर पाणी आले आणि उतरले. तेव्हापासून ती म्हणू लागली, ‘कृष्णामाई येती, पाय धुती अन् जाती.’ मग २०१९चा ऑगस्ट आला. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आत्ती माडीवर जाऊन बसली आणि उतरायला तयार होईना. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसे दगावली. ती बातमी ऐकल्यावर बोटीचेही भय वाटू लागले आणि घरात राहण्याचेही. शेवटी गल्लीतल्या पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून बोटीत बसवले.

विश्रामबागेत ती दोन आठवडे राहिली. त्या दोन आठवड्यांत एक दिवस सुखाचा गेला नाही. चहा पाणचट, टीव्हीचा आवाज कर्कश, नातसून उशिरा उठते, संडास ‘खुर्चीचा’. एकदा मी म्हटले, ‘आत्ती, आता इथंच राहा.’ ती उसळून म्हणाली, ‘मी काय पाटावरवंटा हाय व्हय, उचलून कुठंबी ठेवायला?’ पाणी ओसरल्याच्या तिसऱ्या दिवशी ती परत गेली. चिखल काढायला आम्हीच गेलो, पण तिने आमच्याशी धड बोलणे टाकले.

पुढची दोन वर्षे आम्ही तिला समजावत राहिलो. दवाखाना जवळ आहे, लिफ्ट आहे, पुराचे भय नाही. यातले एकही कारण खोटे नव्हते. एकदा माझा तोल सुटला आणि मी फोनवर म्हणालो, ‘तुला आमची किंमतच नाही.’ त्यानंतर दोन महिने तिने माझा फोन घेतला नाही. माउली, ते वाक्य मी आजही परत घेऊ शकलेलो नाही.

हंपीचा रिकामा गाभारा

त्याच सुमारास नाथषष्ठीच्या निमित्ताने आमच्या भजनी मंडळात नाथ महाराजांच्या घराण्याचे चरित्र वाचायला घेतले होते. ओळखीच्या कथा, पण मनात घरचे शल्य असल्यामुळे त्या वेगळ्या ऐकू येऊ लागल्या.

नाथांचे पणजोबा भानुदास महाराज. परंपरा सांगते की विजयनगरचा राजा कृष्णदेवराय पांडुरंगाची मूर्ती आपल्या राजधानीत घेऊन गेला आणि भानुदासांनी ती पंढरपूरला परत आणली. कृष्णदेवराय १५०९ साली गादीवर आला. मूर्ती नेमकी केव्हा गेली आणि कशी आली यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण वारकऱ्यांच्या मनात ही आठवण पक्की आहे. हंपीला आजही विठ्ठलाचे भव्य मंदिर उभे आहे. दगडी रथ आहे, नाद उमटणारे खांब आहेत, आणि गाभारा रिकामा आहे.

राजाने देवाला वाईट ठेवले होते का? मुळीच नाही. तो भक्तच होता. त्याने देवाला पंढरीपेक्षा मोठे घर दिले, राजोपचार दिले, पहारा दिला. कमी होती ती एवढीच, की चंद्रभागेच्या वाळवंटातून धुळीच्या पायांनी येऊन गळ्यात पडणारे लोक तिथे नव्हते. भानुदास महाराज गेले ते देवाला हेच सांगायला, की तुझी माणसे तिकडे वाट पाहत आहेत.

हे वाचताना मला आमचा तिसरा मजला दिसला. पांढरी फरशी, लिफ्ट, फिल्टरचे पाणी. आम्ही आत्तीला सगळे देत होतो, राजाने दिले तसे. तिची माणसे मात्र गावभागात होती. देवालासुद्धा जे सोसले नाही ते त्या म्हातारीला निमूट सोसावे, अशी आमची अपेक्षा होती.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि तीही तितकीच ध्यानात ठेवली पाहिजे. औरंगजेब दक्षिणेत उतरला. १६९५ ते १६९९ या काळात त्याची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे पंढरपूरपासून फार दूर नाही. त्या धामधुमीच्या दिवसांत बडव्यांनी पांडुरंगाची मूर्ती देगावात नेऊन लपवली, असे परंपरा सांगते. संकट अंगावर आले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. मूर्ती उचलली, जपली, आणि भय सरल्यावर पुन्हा विटेवर आणून उभी केली. देवानेही मुक्काम हलवला. फक्त तो कायमचा हलवला नाही.

हंपी आणि देगाव यांतला फरक मनात नीट उमटला तेव्हा माझी अर्धी चूक मला कळली. पुराच्या दिवशी आत्तीला खुर्चीसकट उचलले ते देगाव होते, ते योग्यच होते. पाणी उतरल्यावर ‘आता इथंच राहा’ म्हटले ती हंपी होती.

एका घराण्यातली दोन म्हातारपणे

भानुदासांचे पुत्र चक्रपाणी. चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण. सूर्यनारायणांचे पुत्र एकनाथ. नाथ तान्हे असतानाच आई-वडील गेले आणि आजा-आजींनी त्यांना वाढवले. मुलगा आणि सून गमावलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांचा सगळा जीव या नातवात. आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास नातू एका रात्री न सांगता निघून गेला, देवगिरीला जनार्दनस्वामींकडे.

आपण या प्रसंगात नाथांची गुरुभक्ती पाहतो. त्या रात्रीनंतर पैठणच्या घरात काय राहिले ते फार कमी वेळा पाहतो. महिपतीबोवा ताहाराबादकरांनी (१७१५–१७९०) ‘भक्तलीलामृता’त हे चरित्र विस्ताराने गायले आहे. शोधाशोध झाली, वर्षे गेली, नातू देवगिरीला असल्याचा पत्ता लागला. वृद्ध चक्रपाणी स्वामींकडे पोचले तेव्हा नाथ यात्रेला गेलेले होते. स्वामींनी म्हाताऱ्याच्या हाती एक पत्र दिले. नातू भेटेल तेव्हा त्याला हे दाखवा, म्हणाले.

पुढे नाथ यात्रेहून पैठणला आले, पण घरी गेले नाहीत. आजोबांनी त्यांना वाटेत गाठले आणि पत्र हाती ठेवले. पत्रात गुरूंची आज्ञा होती, की आता पैठणातच राहा आणि गृहस्थाश्रम कर. चरित्रात सांगतात की नाथांनी ती आज्ञा अक्षरशः पाळली. पत्र जिथे वाचले तिथून ते हलले नाहीत, त्याच जागी राहिले. पैठणचा नाथांचा वाडा त्या जागी उभा राहिला. पुढे गिरिजाबाईंशी विवाह झाला आणि म्हाताऱ्यांनी तो डोळे भरून पाहिला.

माउली, इथे कोण हलले ते पाहा. सद्गुरूंनी म्हाताऱ्यांना देवगिरीला बोलावून घेतले नाही. परमार्थात एवढा पुढे गेलेला शिष्य त्यांनी परत पाठवला. सेवा करायची तर तरुण पायांनी चालावे, हा त्या पत्राचा अर्थ मला लागला. आम्ही मात्र दोन वर्षे एकाच गोष्टीवर अडून बसलो होतो, की आत्तीने यावे. दर आठवड्याला आपण जावे, रात्री मुक्कामाला राहावे, हे कोणाला सुचले नव्हते. पंधरा-वीस मिनिटांचे अंतर तिच्यासाठी थोडे आणि आमच्यासाठी फार झाले होते.

दुसरे म्हातारपण खुद्द नाथांचे. त्यांचे पुत्र हरिपंडित मोठे विद्वान. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना पटेना. ते रागावून काशीला गेले. म्हातारे नाथ त्यांना आणायला काशीपर्यंत गेले. हरिपंडितांनी परत येण्यासाठी अटी घातल्या, की परान्न घ्यायचे नाही आणि प्राकृतात प्रवचन करायचे नाही. नाथांनी मान्य केले. मुलगा घरी आला. वाड्यात संस्कृत पुराण सुरू झाले आणि श्रोते हळूहळू येईनासे झाले.

या जागी क्षणभर थांबा. नाथ आपल्याच घरात आहेत, मुलगा-सून जवळ आहेत, अन्नवस्त्राची ददात नाही. तरीही त्यांचे जगणे त्यांच्याकडून काढून घेतले गेले आहे. मुलाने ते दुष्टपणाने केले नाही. वडिलांचा मान राहावा म्हणूनच केले. आपणही असेच करत नाही का? आता स्वयंपाकघरात जाऊ नका, उन्हात देवळात जाऊ नका, त्या बाईशी फार बोलू नका, पैसे जवळ ठेवू नका. एकेक अट काळजीपोटी असते. सगळ्या अटी एकत्र झाल्या की माणूस बसल्या जागी रिकामे होते.

पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प राहिला होता. ती नाथांना जेवायला बोलावायला आली. हरिपंडितांनी स्वतः तिच्याकडे स्वयंपाक केला आणि नाथ जेवले. उष्टी पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. हरिपंडितांचा अभिमान गळाला आणि वडिलांनी पूर्ववत मराठीत सांगावे म्हणून त्यांनी पाय धरले. आपल्या घरी हजार पत्रावळी निघणार नाहीत. पण एक विचारता येते. आपण घातलेल्या अटींपैकी कोणती आज काढून घेता येईल?

ज्या दिंडीचा टाळ थांबत नाही

एवढे कळले तरी बोलायला सुरुवात कुठून करायची हे कळत नव्हते, कारण आत्ती बोलतच नव्हती, फक्त चिडत होती. ती वाट मला पालखी सोहळ्याने दाखवली.

माउलींच्या पालखीचा आजचा थाट हैबतबाबांनी १८३२च्या सुमारास घालून दिला. हैबतबाबा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदारकी केलेला हा माणूस सगळे सोडून आळंदीला माउलींच्या पायाशी राहिला. फौजेची शिस्त त्याने वारीला दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी तंबू, घोडे दिले. घोडे आजही अंकलीहूनच येतात.

ज्यांनी वारी केली आहे त्यांनी मुक्कामाची समाजआरती पाहिली असेल. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार आपला चोप उंच करतो, पुकारा करतो, आणि एका क्षणात सारे शांत होते. हरवले-सापडले सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात, मग आरती होते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी आपले टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळ वाजत राहतो. मग त्या दिंडीची विचारपूस होते, काय अडचण आहे ते ऐकून घेतात, तोडगा सांगतात. तोवर सोहळा पुढे सरकत नाही.

पाहा, किती शहाणपणाची रीत आहे ही. ‘एवढा समाज गप्प आहे आणि तुम्हीच का वाजवता?’ असे त्या दिंडीला कोणी खडसावत नाही. वाजणारा टाळ म्हणजे बेशिस्त, असे कोणी समजत नाही. काहीतरी ऐकायचे राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ धरतात.

आमच्या घरात दोन वर्षे एक टाळ वाजत होता आणि आम्ही त्याला स्वभाव म्हणत होतो.

मी गावभागात गेलो. या वेळी घराचा विषय काढायचा नाही, असे ठरवूनच गेलो. रात्री तिथेच झोपलो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला तिच्याबरोबर शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा विचारले, ‘आत्ती, पुराच्या वेळी आमच्याकडं होतीस, तेव्हा तुला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं?’ ती बराच वेळ बोलली नाही. मग एकेक बाहेर आले.

पहिले म्हणजे तिला ऐकू कमी येत होते. फोनवर आमचे शब्द कळत नसत, म्हणून ती फोन ठेवून देई, आणि आम्ही म्हणत होतो की आपटला. दुसरे, आमच्याकडे रात्री दिव्याचे बटण सापडत नसे. अंधारात पडू या भीतीने ती पहाटेपर्यंत जागी पडून राही. दिवसभराची चिडचिड त्या जाग्रणाची होती. तिसरे, आमच्यातलाच कोणीतरी तिच्यादेखत म्हणाला होता की ती जागा बिल्डरला दिली तर चांगले पैसे येतील. तेव्हापासून ‘आमच्याकडे चल’ या शब्दांचा तिने एकच अर्थ धरला होता. आणि चौथे तिने सगळ्यांत शेवटी, खाली बघत सांगितले. गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात सांजवात तिची. एकादशीला बायकांचे भजन तिच्यामागे. ‘तिथं तुमच्याकडं मला कोण काय मागतंय?’ ती म्हणाली, ‘नुसती बसून जेवती मी.’

चारातली एकही गोष्ट मोठी नव्हती. दोन वर्षांत आम्ही एकही विचारली नव्हती.

चातुर्मासाची युक्ती

तोडगा आत्तीनेच काढला, असे म्हटले तरी चालेल. बोलता बोलता ती आपल्या सासऱ्यांविषयी सांगत होती, की ते आषाढीला पंढरपूरला जात आणि कार्तिकीपर्यंत तिथेच चातुर्मास करून परत येत. मी म्हटले, ‘आत्ती, तू चातुर्मास आमच्याकडं करशील का? आषाढीला ये, कार्तिकी झाली की मी स्वतः आणून सोडतो.’

आपल्याकडे सदा फिरतीवर असणारे साधूसुद्धा पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहतात. घर सोडणे आणि चातुर्मासाला जाणे यांत मनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात मागचे दार बंद होते, दुसऱ्यात परतीची तिथी ठरलेली असते. आणि कृष्णेचे पूर येतात ते बहुतेक याच चार महिन्यांत.

पण या वेळी आम्ही आधी तयारी केली. कानाच्या डॉक्टरांना दाखवून यंत्र घेतले. तिच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवला, भिंतीला धरायला दांडी बसवली. जागेविषयी तिच्यादेखत सगळ्यांनी सांगितले की तू असेतोवर तो विषय निघणार नाही. आणि अपार्टमेंटमधल्या बायकांना सांगितले की आत्तीला हरिपाठ पाठ आहे, तुम्हाला शिकायचा असेल तर संध्याकाळी या. पहिल्या दिवशी दोघी आल्या. आत्तीने त्यांचे उच्चार इतके काढले की मला वाटले, उद्या कोणी यायचे नाही. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या.

ते वर्ष २०२१ होते. करोनामुळे पायी वारी नव्हती, पालख्या एसटी बसने पंढरपूरला गेल्या. आत्ती रिक्षातून उतरताना म्हणाली, ‘माउली यष्टीनं गेली, मग मी रिक्षानं आले तर काय बिघडलं?’ त्याच आठवड्यात, जुलैच्या शेवटी, कृष्णा पुन्हा ५० फुटांच्या वर गेली. आत्ती विश्रामबागेत बसून दर तासाला ‘पाणी किती झालं?’ विचारत होती आणि देवळातली मूर्ती वर ठेवली का म्हणून गल्लीतल्या पोरांना फोनवर रागावत होती. कार्तिकीनंतर तिला परत नेऊन सोडले. शब्द पाळला, म्हणून पुढच्या आषाढीला ती स्वतःहून आली.

तुमच्या घरासाठी

माउली, प्रत्येक घरी चातुर्मासाची युक्ती चालेलच असे नाही. काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

संकट अंगावर आले असेल, पाणी चढते असेल, भिंत पडायला आली असेल, तर तेव्हा वाद नको. देगावची रीत धरा, उचला आणि जपा. वाद नंतर.

म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव एकाएकी बदलला, तेच ते पुन्हा विचारू लागले, ओळखीची वाट चुकू लागले, जेवणावरची वासना गेली, झोप उडाली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. कान, डोळे, थायरॉईड, उदासीचा आजार, स्मृतिभ्रंश यांतले काहीही असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.

जागेच्या भीतीला हसू नका. ती पुष्कळदा खरी असते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात याची सोय आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर लिहून दिले आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरणात दाद मागून ते लिहून दिलेले रद्द करून घेता येते. हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा. ज्याच्या मनात कपट नाही त्यालाच हे सांगता येते, आणि म्हातारी माणसे ते बरोबर ओळखतात. ज्यांना जवळचे कोणी नाही, त्यांच्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे. तुमच्या मंडळाच्या फलकावर तो लिहून ठेवा.

आणि परत नेणे शक्यच नसेल, अंथरूण धरले असेल, आठवण पुसत चालली असेल, तर ‘चार दिवसांसाठी चला’ असे खोटे सांगून आणू नका. खरे सांगा आणि रागवू द्या. तक्रार ऐकून घेतल्यावरही काही वेळा सोहळ्याला ठरल्या वेळीच निघावे लागते. पण आधी ऐकलेले असले म्हणजे ती दिंडीही बरोबर चालते.

तुमच्याविषयीही एक शब्द. एकट्याने हे ओढू नका. भावंडांत वार वाटून घ्या. दमलेल्या माणसाच्या तोंडून ‘तुला आमची किंमत नाही’ असले शब्द निघतात, हे मी अनुभवाने सांगतो. वारीतसुद्धा दिंड्यांना वाटेत विसावे असतात.

शेवटी पुंडलिकाची आठवण काढू. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत होता. त्याने हातातले काम टाकले नाही. वीट फेकली आणि म्हणाला, थांब. देव थांबला, आणि त्या थांबण्यातून पंढरी झाली. देव ज्यासाठी अठ्ठावीस युगे उभा राहिला, त्यासाठी आपल्याला दहा मिनिटे शेंगा सोलत बसता येऊ नये काय?

आमची आत्ती अजून चिडते. परवाच माझ्या बायकोने केलेल्या आमटीला नावे ठेवली. पण आता तो टाळ वाजू लागला की घरातले कोणीतरी उठते, तिच्याजवळ जाऊन बसते आणि विचारते, ‘काय झालं गं आत्ती?’ तुमच्याही घरी आज-उद्या तो वाजेल. चोपदारासारखे उठा आणि जवळ जा.

राम कृष्ण हरी.